व्होल्गा मिळते कुठे?

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात युरोपातली सर्वांत लांब नदी व्होल्गा, ती कॅस्पियनला मिळते, असं आहे. मग कॅस्पियन समुद्र की सरोवर?
— एक वाचक, दाभोळ

उत्तर : ताई, आधी धक्क्यावर उभ्या राहून वाशिष्ठी बघा. भरतीचं खारं पाणी खाडीतून पार गोवळकोटकडे चढतं, होड्या उलट्या दिशेला तोंड फिरवतात. पुढे अरबी समुद्र मोकळा आहे ना! व्होल्गा सुमारे ३,५३० किलोमीटर वाहते, पण कॅस्पियनला महासागराकडे वाटच नाही. भरती-ओहोटी जेमतेम बोटभर. त्याची पातळीही समुद्रसपाटीच्या जवळपास २८ मीटर खाली. आलेलं पाणी वाफ होऊनच जातं, मीठ मागे राहतं. मी वर्गात त्याला सरोवरच म्हणायचो. डॅन्यूब नदीचं तसं नाही, ती मिळते त्या काळ्या समुद्राला वाट आहे. लेकीला नकाशात ती वाट, म्हणजे बॉस्फरसची सामुद्रधुनी, शोधायला सांगा.