पहिलं विमान उशिरा, पुढचं चुकलं: पैसे कुणाकडे मागायचे?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघे नागपूरहून दिल्लीमार्गे गुवाहाटीला निघालो. नागपूरचं विमानच साडेतीन तास उशिरा सुटलं आणि दिल्लीला पोचेपर्यंत पुढचं निघून गेलं होतं. कंपनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान द्यायला तयार होती, पण लग्न सकाळचं होतं. नाइलाजाने रेल्वेने घरी परतलो. आता कंपनी म्हणते, दिल्लीहून तुम्ही 'नो-शो', म्हणजे विमानाला न आलेले प्रवासी आहात, फक्त कर परत मिळतील. हे बरोबर आहे का? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : बरोबर नाही. फक्त दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असायला हवीत. दोन्ही विमानं एकाच कंपनीची होती एवढ्याने भागत नाही, म्हणून आधी ई-तिकीट उघडून पाहा. दोन्ही टप्प्यांना एकच पीएनआर असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. काही बुकिंग पोर्टल स्वस्त पडावं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडून एकाच पानावर दाखवतात. तिथे पीएनआर दोन असतात आणि कुठेतरी बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर', म्हणजे पुढचं विमान गाठणं तुमची जबाबदारी, असं लिहिलेलं असतं. बॅगेचा टॅगही कामाचा आहे. नागपूरलाच त्यावर गुवाहाटीचा कोड छापला असेल, तर कंपनीने तुम्हाला गुवाहाटीपर्यंतचं प्रवासी धरलं होतं हे उघड आहे. काउंटरवर मिळालेली टॅगची ती छोटी चिठ्ठी बोर्डिंग पाससोबत जपून ठेवा.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम 'नागरी उड्डाण आवश्यकता, विभाग 3, मालिका एम, भाग 4' या नावाचा आहे. त्यानुसार एकाच तिकिटावरचं जोड विमान चुकलं, तर कंपनीने प्रवाशाला मान्य होईल असं पर्यायी विमान द्यायचं, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर भरपाई. 'प्रवाशाला मान्य होईल असं' हे शब्द तुमच्या पत्रात आलेच पाहिजेत. लग्न उरकल्यावर पोचवणारं विमान तुम्हाला मान्य नव्हतं, आणि ते तुम्ही घेतलंही नाही. घेतलं असतं तर रिफंडचा मुद्दा तिथेच संपला असता. नागपूर–दिल्ली प्रवास झालाय म्हणून तेवढे पैसे कापायचा प्रयत्न होईल. तुम्ही मागणी मात्र पूर्ण तिकिटाचीच करा, कारण तिकीट गुवाहाटीचं होतं.

भरपाईचे टप्पे विलंबावर नाही, तर उड्डाणाला लागणाऱ्या नियोजित कालावधीवर, म्हणजे 'ब्लॉक टाइम'वर, ठरतात : 1 तासापर्यंत 5,000 रुपये, 1 ते 2 तास 7,500, त्याहून जास्त 10,000. यात एक खोच आहे. ही रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल तेच मिळतं. मूळ भाडं 4,200 रुपये असेल तर 4,200 वरच थांबावं लागतं. बुकिंग करताना स्वतःचा मोबाइल नंबर दिला नसेल, तर भरपाई नाकारण्याची मुभाही नियमात आहे. एजंटने स्वतःचा नंबर टाकला की नेमका हाच घोळ होतो. म्हणून तिकीट हातात आल्याबरोबर कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन आपला नंबर भरा.

आता डिसेंबर आणि दिल्ली, म्हणजे कंपनी धुक्याचं कारण पुढे करणार. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षा, संप ही कारणं कंपनीच्या हाताबाहेरची मानली जातात आणि तेव्हा भरपाई द्यावी लागत नाही. भरपाई गेली तरी रिफंड जात नाही. काउंटरवरचा कर्मचारी ही दोन्ही एकाच दमात नाकारतो आणि प्रवासी तिथेच माघार घेतात, म्हणून हा फरक पक्का लक्षात ठेवा. धुकं खरंच होतं का, तेही तपासता येतं. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर त्या दिवशीची नोंद पाहा : तुमचं विमान आधी कुठून आलं, आणि त्याच तासात नागपूरहून दिल्लीला दुसऱ्या कंपनीचं विमान गेलं का? ते वेळेवर गेलं असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ईमेल छोटा लिहा. पीएनआर, दोन्ही उड्डाणांचे क्रमांक व तारीख, ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ, चुकलेलं विमान, नाकारलेला पर्याय, मागणीची रक्कम आणि वरच्या नियमाचं नाव, एवढं पुरे. सोबत विलंबाचा दाखला मागा. त्यात 'ऑपरेशनल कारण' एवढंच असेल, तर नेमकं काय घडलं ते लेखी विचारा. ॲपवरचं 'कॅन्सल' बटण मात्र दाबू नका, नाहीतर तिकीट तुम्हीच रद्द केल्याची नोंद होते.

कस्टमर केअरने दाद दिली नाही तर कंपनीचा नोडल अधिकारी, मग अपील अधिकारी. दोघांचे पत्ते कंपनीच्या वेबसाइटवर असतात. त्यापुढे नागरी उड्डाण मंत्रालयाचं 'एअरसेवा' पोर्टल. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार नोंदवता येते. एवढं करूनही पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असो की मुंबईत, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या ठिकाणी, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते. तिकिटाची किंमत 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची.

प्रश्न : पैसे परत देण्याऐवजी कंपनीने 'क्रेडिट शेल'मध्ये टाकले, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी स्वतःकडेच जमा ठेवले. एजंट म्हणतो, हेच घ्या. – मानेवाडा

उत्तर : घ्यायलाच हवं असं नाही. क्रेडिट शेल हवं की पैसे, हा निर्णय डीजीसीएच्या नियमाने प्रवाशाकडे आहे. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर रिफंड 7 दिवसांत व्हायला हवा. एजंटमार्फत तिकीट काढलं तरी जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी. 'पैसे मूळ खात्यात परत करा, क्रेडिट शेल मला मान्य नाही' असा ईमेल आजच कंपनीला करा. क्रेडिट शेलमधले पैसे वापरून तिकीट काढलंत तर ते तुम्ही स्वीकारल्यासारखं होईल.

प्रश्न : नागपूर–मुंबई एका कंपनीचं, मुंबई–दोहा दुसऱ्या कंपनीचं, वेगवेगळी तिकिटं. पहिलं लेट झालं तर? – धंतोली

उत्तर : मग दोहाचं नुकसान डीजीसीएच्या नियमाखाली पहिल्या कंपनीकडून मिळत नाही. पहिलं विमान 6 तासांहून जास्त लांबणार असेल, तर पर्यायी विमान किंवा त्याच तिकिटाचा पूर्ण रिफंड मागता येतो, तेवढंच. म्हणून सगळं लक्ष दुसऱ्या तिकिटाकडे द्या. सोनेगावच्या विमानतळावर विलंबाची घोषणा झाली की लगेच, दोहाचं विमान सुटण्याआधी, त्या कंपनीला फोन करून तारीख बदलून घ्या. सुटल्यावर फोन केला तर 'नो-शो' लागतो आणि त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर बहुतेक कंपन्या तोही रद्द करतात. 'नो-शो' झालाच, तरी विमानतळाचे वापर शुल्क आणि कर परत मागा, ते न उडालेल्या प्रवाशाला मिळतात. प्रवास विमा काढताना 'मिस्ड कनेक्शन' (जोड विमान चुकणं) हे कलम आणि किती तासांच्या विलंबापासून ते लागू होतं, हे आधी वाचा.

प्रश्न : विमानाऐवजी रेल्वे उशिरा आल्याने मुंबईचं विमान चुकलं. रेल्वेकडे भरपाई मागता येते? – महाल

उत्तर : येते. 6 सप्टेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात प्रवाशाच्या बाजूने निकाल दिला आहे. अजमेर–जम्मू एक्स्प्रेस सुमारे 4 तास उशिरा पोचली आणि श्रीनगरचं विमान चुकलं. टॅक्सीचे 15,000, वाया गेलेल्या बुकिंगचे 10,000, शिवाय मनस्ताप आणि खटल्याचा खर्च, असं रेल्वेला द्यावं लागलं. उशिराचं कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे रेल्वेने सिद्ध करायचं, असं न्यायालयाने म्हटलं. तुम्हाला रेल्वे तिकीट, विमान तिकीट, जादा खर्चाच्या पावत्या आणि गाडी प्रत्यक्ष किती वाजता पोचली त्याची नोंद लागेल. ही नोंद गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर दिसते, पण फार दिवस टिकत नाही. तेव्हा स्क्रीनशॉट फलाटावर उतरल्या-उतरल्या काढा.