वाचक विचारतात : मोटर गुरगुरते, दार हलत नाही

या वेळी गॅरेजच्या दाराचेच इतके प्रश्न आलेत की म्हटलं सगळे एकदमच घेऊ, बाकीचे पुढच्या अंकात.

प्रश्न : आमच्या गॅरेजचा ओपनर (दार उघड-बंद करणारं मोटरचं यंत्र) बराच जुना झालाय. हल्ली दार वर जाताना अर्ध्यातच अडकतं. मुलगा म्हणतो जास्त पॉवरची मोटर आणू, विषय संपला. मी स्वतः बसवायचं म्हणतोय, ड्रिल, पाने, शिडी सगळं घरात आहे. जमेल का?

उत्तर : जमेल की, न जमायला काय झालं. पण मुलाला सांगा जरा थांब, कारण हे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी व्हायची शक्यता फार आहे. दार मोटर उचलते असं सगळ्यांना वाटतं, पण खरं तर उचलतात त्या स्प्रिंगा. दाराच्या वर आडव्या दांड्यावर एक किंवा दोन जाडजूड स्प्रिंगा असतात, नाहीतर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर लांब ताणलेल्या असतात, त्या म्हणजे तराजूच्या दुसऱ्या पारड्यातलं वजन समजा. दोन गाड्यांचं लोखंडी दार ७०-८० किलोच्या घरात सहज जातं, आणि तरीही मोटर ते आरामात हलवते कारण वजन तिच्या अंगावर नसतंच.

मग आधी हे करून बघा. दार पूर्ण बंद करा (उघडं असताना अजिबात नको, स्प्रिंग तुटलेली असेल तर दार धाडकन खाली येतं), ओपनरच्या पट्टीवरून (मोटरपासून दाराकडे छतालगत जाते ती) लाल दोरी लोंबत असते ती ओढा, दार मोटरपासून सुटतं. आता हाताने उचला. कमरेएवढं वर नेऊन हात हळूच सैल करा, पाय मात्र दाराखाली ठेवू नका. तिथेच थांबलं तर दार ठीक आहे आणि मोटर खुशाल बदला. खाली यायला लागलं तर स्प्रिंगा थकल्यात, आपणहून वर पळालं तर जास्त ताणल्यात, आणि जागचं हललंच नाही तर वर नजर टाका, वेटोळ्यात मध्येच दोन-तीन बोटांची फट दिसली की समजा स्प्रिंग तुटली. साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० वेळा उघड-मीट एवढं धरतात, रोज चार वेळा दार उघडत असेल तर सात वर्षंसुद्धा होत नाहीत. अशा दाराला मोठी मोटर लावली तर काही महिने चालेल, आणि मग तीही जाईल.

स्प्रिंगांना आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातल्या, वायररोप अडकवलेल्या ब्रॅकेटला हात लावू नका. तिथे इतका ताण असतो की बोल्ट सुटला तर पाना हातातून उडून तोंडावर येतो. ते काम ज्याचं त्यालाच करू द्या, इथे हौस नको.

बसवणं त्या मानाने सोपं आहे. पट्टी अडकवायचा ब्रॅकेट दाराच्या वरच्या भिंतीवर, दाराच्या बरोबर मध्यावर, आणि लाकडात किंवा काँक्रीटमध्येच, नुसत्या प्लास्टर बोर्डात ठोकलात तर निघून येणार. दार हाताने वर नेऊन वरची कड सगळ्यात उंच कुठे जाते ते बघा, ओपनरची पट्टी तिच्याहून साधारण ५ सेंटीमीटर वर हवी (तरी मॅन्युअल बघाच, मॉडेलप्रमाणे फरक असतो). दाराची जुनी कडी आणि दाराला बांधलेली ओढायची दोरी (ओपनरची लाल दोरी नव्हे) काढून टाका, कडी लागलेली राहिली आणि कोणी रिमोट दाबला तर वरचा पत्रा वाकतो. वीज अर्थिंगवाल्या सॉकेटवरून घ्या, एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. भिंतीवरचं बटण पाच फुटांवर, पोरांच्या हाताला न लागणारं आणि जिथून दार दिसतं अशा जागी.

आणि शेवटी चाचणी, ही बहुतेक जण टाळतात. दाराखाली मधोमध ४ सेंटीमीटर जाडीची फळी आडवी ठेवा आणि दार बंद करा, फळीला टेकताच दार उलटं वर गेलं पाहिजे. नाही गेलं तर ओपनरवरून मोटरचा जोर कमी करा, दार कुठपर्यंत जाऊन थांबायचं ती मर्यादा परत सेट करा, आणि तरीही होत नसेल तर तो ओपनर वापरू नका.

प्रश्न : मोटर फिरल्याचा आवाज येतो पण दार ओढणारी चेन जागची हलत नाही. नवीनच घेऊ का?

उत्तर : प्लग काढा आणि कव्हर उघडा. आत पांढरा प्लास्टिकचा भुगा पडलेला दिसला तर गिअरचे दात झिजलेत, तेवढा गिअर बहुतेकदा सुटा मिळतो. मोटर फिरतच नसेल, फक्त गुरगुरत असेल, तर कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेला असावा, पण प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो म्हणून उगाच बोट घालू नका. दात का झिजले ते मात्र शोधा, वरची लाल दोरीची तपासणी तुम्हालाही लागू आहे. दाराखाली काही आलं तर ओळखणारा सेन्सर नसलेला जुना ओपनर असेल (अमेरिकेत १९९३ पासून घरच्या ओपनरला असं संरक्षण सक्तीचं आहे) तर दुरुस्तीत पैसे घालू नका, सरळ बदला.

प्रश्न : दार खाली येता येता परत वर जातं, दिवा लुकलुकतो. भिंतीवरचं बटण दाबून धरलं तर मात्र बंद होतं. संध्याकाळीच जास्त होतं.

उत्तर : संध्याकाळ लिहिलीत ते बरं केलंत! जमिनीपासून १५ सेंटीमीटरच्या आत दोन्ही बाजूंना सेन्सरचे डोळे बसवलेले असतात, एक किरण सोडतो, दुसरा घेतो. घेणाऱ्यावर तिरकं ऊन पडलं की तो भांबावतो. दोघांची अदलाबदल करा, घेणारा सावलीच्या बाजूला येऊ दे. काच पुसा, कोळ्याचं जाळं काढा, दोन्ही सेन्सरवरचे दिवे न लुकलुकता लागलेत ना बघा. काही महाभाग वैतागून दोन्ही सेन्सर छताला समोरासमोर चिकटवून टाकतात, दार बंद होतं खरं, पण खाली मूल आहे की मांजर ते दाराला कळत नाही.

प्रश्न : नवीन ओपनर चेनने दार ओढणारा घ्यावा की बेल्टने?

उत्तर : वर झोपायची खोली असेल तर बेल्ट, नाहीतर चेन. चेन खडखडते पण दणकट असते.

प्रश्न : नवीन एलईडी बल्ब लावल्यापासून रिमोट अगदी दाराजवळ आल्यावरच चालतो. सेलही बदलले.

उत्तर : बल्बवरच संशय आहे. काही एलईडी बल्बांच्या आतल्या सर्किटमधून रेडिओचा गोंगाट निघतो आणि रिमोटचा सिग्नल त्यात बुडतो. ओपनरमधला बल्ब काढून गाडीतून रिमोट दाबून बघा, लांबून चालला तर दुसऱ्या बनावटीचा बल्ब लावा, ओपनर बनवणाऱ्या काही कंपन्या त्यासाठीचे खास बल्बही विकतात.