जुन्या पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक आणि हायड्रॉलिक क्लच बसवतोय, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारे) कुठल्या साइजचे घेऊ?

मोठा म्हणजे चांगला हे डोक्यातून काढ आधी, उलटं असतं ते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, लहान असला की तेवढ्याच पायाच्या जोरात प्रेशर जास्त मिळतं पण पेडल खोल जातं, मोठा घेतला तर पेडल दगडासारखं आणि गाडी थांबेना. 5/8 इंचावरून 3/4 वर गेलास तर क्षेत्रफळ 44 टक्के वाढतं, म्हणजे प्रेशर तेवढंच मिळवायला जोरही 44 टक्के जास्त लावावा लागणार, आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) नसेल तर दिवे घाट उतरताना पाय भरून येईल.

क्लचला जोरापेक्षा तेल किती ढकललं जातं ते बघ. स्लेव्हचा, म्हणजे क्लचकडच्या सिलिंडरचा, बोअर आणि त्याला किती सरकायचंय ते मोज, मग मास्टर ठरव, कमी पडला तर गिअर कुरकुरणार.

आणि हो, जुना ड्रमवाला मास्टर तसाच ठेवू नकोस, त्यात बरेचदा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो, त्याने डिस्क घासत राहतात. ब्रेकला टँडमच (एकात दोन सर्किटवाला) घे, एक सर्किट गेलं तरी दुसरं राहतं. पुण्यात नाना पेठेत पार्ट घ्यायला जाताना जुना पार्ट आणि मापायला व्हर्निअर सोबत ने, नुसतं "बसेल साहेब" वर घेऊ नको.