साठीतल्या आईबाबांना स्पिट्सबर्गनभोवतीच्या (नॉर्वेच्या स्वालबार बेटसमूहातलं आर्क्टिकमधलं मोठं बेट) एक्सपेडिशन क्रूझला नेता येईल का? (आम्ही कोल्हापूरचे)

येईल, पण आधी त्यांचे गुडघे बघा. मी गेल्या जुलैत आईला घेऊन गेलो होतो.

जहाज लांब उभं राहतं, किनाऱ्यावर जायचं ते रबरी बोटीतनं. २०१९ च्या महापुरात शिरोळकडं माणसं काढायला आल्या होत्या ना, साधारण तसल्याच. खलाशी मनगट धरतो, आपण त्याचं धरायचं, मग पाय टाकायचा. उतरताना गमबूट थेट बर्फगार पाण्यात. आईनं पहिल्या दिवशी हात जोडले, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पुढं! बंदूकवाला गाईड आधी उतरून अस्वल नाही ना बघतो. अस्वलापासून किमान ३०० मीटर (मार्च ते जून ५०० मीटर) लांब राहायचा नियम २०२५ पासून आहे, त्यामुळं जवळून फोटोची आशा सोडा. आम्हाला दुर्बिणीतनं पिवळसर ठिपका दिसला, तेवढ्यावर खूश.

बेटाची पूर्ण प्रदक्षिणा होईलच असं नाही. हिनलोपन सामुद्रधुनीत बर्फ असला की कप्तान मागं फिरतो.

व्हिसात मात्र फसू नका. स्वालबार नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे, ओस्लोमार्गे परत येताना पुन्हा प्रवेश लागतो. म्हणून निदान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा मागा.

रात्री सूर्य मावळत नाही, झोपेला डोळ्यांवरची पट्टी न्या. आणि चटणीची पुडी. जहाजावरचं सूप आमच्या आईच्या मते नुसतं गरम पाणी होतं.