सोलापुरात बसून कॅन्सरच्या पेशींचे सिग्नल चिपवर बघता येतील का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, हातात सहा महिने, कॉलेजात क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) नाही, आणि ईजीएफ (पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन) दिल्यावर कॅन्सरच्या पेशीत सिग्नल कसा जातो ते मायक्रोफ्लुइडिक चिपवर, म्हणजे बारीक वाहिन्या असलेल्या छोट्या तुकड्यावर, बघायचंय. गाईड म्हणतात, 'प्लेटमध्ये होतंय की, चिप कशाला?' वयाने बराच मोठा आहे म्हणून एकेरीत लिहितो. गाईडचं म्हणणं रास्त आहे.

'ईजीएफने ईआरके (सिग्नल पेशीत पुढे नेणारं प्रथिन) चालू होतो का' एवढंच विचारायचं असेल तर चिपच्या नादी लागू नकोस. पेशी वाढवायची साधी प्लेट, वेस्टर्न ब्लॉट (पेशी फोडून त्यातलं प्रथिन मोजायची पद्धत), विषय संपला. चिप लागते ती कधी, किती वेळ आणि कुठल्या बाजूने हे विचारायचं असेल तेव्हा. पीसी१२ पेशी घे, उंदराच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीतून आलेल्या. त्यांना ईजीएफ दिलं की ईआरके थोडा वेळ पेटून विझतो, पेशी वाढत राहतात. एनजीएफ (चेतापेशींची वाढ करणारं प्रथिन) दिलं की तोच ईआरके तासन्‌तास चालू राहतो आणि पेशींना चेतापेशींसारखे फाटे फुटतात. रेणू तोच, पण किती वेळ जागा राहिला त्यावर सगळं फिरतं. ब्लॉटमध्ये आपण लाखो पेशी एकत्र फोडतो. त्यात कोण झटके देत होतं आणि कोण गप्प होतं, काही उरत नाही.

आता आकडे. ईजीएफसारखं छोटं प्रथिन स्थिर पाण्यात नुसतं पसरत १०० मायक्रॉन जायला साधारण अर्धा मिनिट घेतं. १ सेंटीमीटरला? तीन-चार दिवस, कारण वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. त्यात इतक्या अरुंद वाहिनीत पाण्याला भोवरे जमत नाहीत. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचं पाणी एकमेकांत घुसतं तसं इथे होत नाही. दोन प्रवाह शेजारून सरळ जातात, मिसळतात ते फक्त सीमेवर. म्हणूनच एकाच वाहिनीतल्या अर्ध्या पेशींना ईजीएफ आणि अर्ध्यांना साधं मीडियम (पेशींचं पोषक पाणी) देता येतं, किंवा पाच मिनिटं देऊन धुऊन टाकता येतं.

क्लीनरूम फक्त चिपचा साचा करायला लागते, आणि एका साच्यातून डझनावारी चिप निघतात. साचा बाहेरून करून आण. आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीत बाहेरच्या विद्यार्थ्यांना शिकवणारा आयएनयूपी कार्यक्रम आहे, तोही बघ. पुढचं काम स्वयंपाकाइतकंच: पीडीएमएस (पारदर्शक सिलिकॉन रबर) आणि हार्डनर १०:१, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढायचे, ओव्हनला ७० अंशांवर दोन तास. चिप काचेला चिकटवायला प्लाझ्मा मशीन नसेल तर काचेवर पीडीएमएसचा पातळ थर अर्धवट पकव, त्यावर चिप ठेवून पुन्हा ओव्हनमध्ये घाल. कमी दाबाला टिकतं.

खरा शत्रू बुडबुडा. माझे पहिले तीन आठवडे त्यातच गेले. फ्रीजमधलं मीडियम थेट सोडलं की आत गरम होताना हवा सुटते आणि एकच बुडबुडा पेशींचा थर खरवडून नेतो. मीडियम आधी ३७ अंशांवर आणून ठेव. दुसरा शत्रू आपला मे महिना. १०० मायक्रॉन उंच, अर्धा मिलिमीटर रुंद, २ सेंटीमीटर लांब वाहिनीत मावतं जेमतेम १ मायक्रोलिटर, आणि पीडीएमएसमधून वाफ निसटते. मायक्रोस्कोपखाली ठेवून मी चहाला गेलो, तेवढ्यात लाईट गेली, पंप थांबला, आलो तर मिठाचे खडे. तेव्हापासून पंप सोडला. सलाईनसारखी बाटली उंचावर टांगायची, वीज लागत नाही.

पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) मागव. ए४३१ या कॅन्सरच्या पेशींवर ईजीएफचे रिसेप्टर (ईजीएफ पकडणारी प्रथिनं) भरपूर असल्याने सिग्नल ठळक दिसेल, पण जास्त ईजीएफला या पेशींची वाढ उलट मंदावते. ते बघून घाबरू नकोस. गेफिटिनिबने (ईजीएफचा रिसेप्टर बंद पाडणारं औषध) सिग्नल अडवून दाखवणार असशील तर सावध: असे तेलकट स्वभावाचे छोटे रेणू पीडीएमएस शोषून घेतं, पेशींपर्यंत पोचणारा डोस तू घातलेल्यापेक्षा कमी असतो. आणि ईजीएफशिवाय, तेवढ्याच वेगाने नुसतं मीडियम सोडलेली एक वाहिनी हवीच. प्रवाहाच्या घासण्यानेही पेशी सिग्नल देतात. परीक्षक हेच विचारतील. मी तरी विचारेन.

जिवंत पेशीत ईआरके चमकवणाऱ्या रिपोर्टरच्या मागे सहा महिन्यांत लागू नकोस. एका काचेवर चार वाहिन्या घे. रात्रभर सीरमशिवाय (रक्तातला पोषक द्रव) ठेव, मग ईजीएफ सोडून ०, ५, १५ आणि ६० मिनिटांना एकेक वाहिनी फॉर्मलडिहाइडने थांबव, फॉस्फो-ईआरकेची (म्हणजे चालू झालेल्या ईआरकेची) अँटिबॉडी लाव, आणि एकेका पेशीची चमक मोज. त्यासाठीचं इमेज-जे सॉफ्टवेअर फुकट आहे. पहिला महिना मात्र पेशींना हात न लावता लाल-निळ्या शाईचं पाणी सोड. गळती कुठून होते ते तेव्हाच कळतं. तो फोटो इथे टाक, मग बाटली किती उंच टांगायची ते मोजून सांगतो.