अलायनमेंट दोनदा केलं तरी टायर खातोय

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझा दहा चाकी ट्रक आहे, हंगामात ऊस वाहतो. दोन महिने झाले, 40-50 च्या स्पीडला खड्डा लागला की स्टेअरिंग थरथरतंय आणि ड्रायव्हर साइडचा पुढचा टायर आतल्या अंगानं खाल्लाय. दोनदा अलायनमेंट (चाकांची दिशा सरळ लावणं) केलं, नवीन टायर टाकला, तो पण तसाच चाललाय. एकजण म्हणतो बेरिंग, दुसरा म्हणतो स्टेअरिंग बॉक्सच बदला. काय करू?
– एक ट्रकमालक, मोहोळ

उत्तर : मालक, बॉक्स बदलायला पैसे काढू नका अजून. चाकाचे पार्ट ढिले असताना अलायनमेंट केलं तर त्याचा उपयोग काय, मशीनवर चाक सरळ दिसतं आणि रोडला लोड आला की परत वाकडं होतं. तुम्ही सांगताय त्यावरनं मला पहिला संशय किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) आणि त्याच्या बुशचा (पिनीभोवतीची नळी) येतो, कारण बुश झिजलं की लोडखाली चाक वरनं आत झुकतं आणि मग टायर आतल्या बाजूनंच घासतो.

पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, बघून घ्या. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे), जॅक पुढच्या एक्सलखाली आणि घोडी (वजन पेलणारा स्टँड) लावल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही, हे पोरांना दम देऊन सांगा. चाक उचललं की वर आणि खाली धरून हलवा, किंवा खालनं टॉमी (लोखंडी पहार) लावा. हललं, तर लगेच किंगपिन म्हणू नका, कारण बेरिंग ढिलं असलं तरी असंच हलतं. ब्रेकच्या टाकीत हवा भरलेली ठेवा, एकाला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं तर बेरिंग, तरीही हललं तर किंगपिन. सोबत एकानं बॅटरी मारून स्टब एक्सल (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि एक्सलच्या मधली फट बघावी, तिथं हलताना डोळ्याला दिसतं.

आता डावी-उजवी बाजू धरून हलवा. तिथं ढिलं लागलं तर टायरॉड एंड (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या रॉडची बॉलवाली टोकं) बघायचे, त्यासाठी चाक जमिनीवर ठेवून एकानं स्टेअरिंग थोडं थोडं इकडंतिकडं करायचं आणि तुम्ही बॉलवर हात ठेवायचा, खट् खट् हाताला कळतंच. ड्रॅग लिंकचं (स्टेअरिंग बॉक्सकडनं चाकाकडं येणारा रॉड) पण तसंच. टायरॉडचा बॉल निसटला तर चाकावर स्टेअरिंगचा ताबाच राहत नाही, म्हणून ह्यात चालढकल नको, सोलापूर-पुणे हायवेवर भरल्या गाडीला तर अजिबात नको.

किंगपिन निघाला तर पिन, बुश, थ्रस्ट बेरिंग (वजन पेलणारं) आणि शिम (फट भरायच्या पातळ चकत्या), पूर्ण किट दोन्ही बाजूंना टाका. बुश ठोकताना त्याचं भोक ग्रीसच्या भोकाला जुळलंच पाहिजे, मग लाइन रिमर (दोन्ही बुशची भोकं एका रेषेत मापात करणारं हत्यार) मारायचा, आणि पिन हातानं अडकल्याशिवाय फिरली पाहिजे. वेल्डिंग मारून, पत्रा घालून जुनी पिन चालवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. हे सगळं झालं की मगच अलायनमेंट, टो-इन (चाकं पुढनं किती आत वळलेली) कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यानं.

आणि आता खरी गोष्ट, बुश झिजलंच का. उसाच्या फडातनं काळ्या मातीच्या चिखलात गाडी जाते, ग्रीस भरायचा निपल मातीनं भरतो, पोरगं तसाच ग्रीस गन लावतं. गाडी उभी असताना ग्रीस मारलं की ज्या बाजूला वजन दाबलेलं असतं तिथं ते जातच नाही, बाहेर आलं तरी अर्धं बुश कोरडंच. म्हणून निपल पुसा, चाक उचला, आणि नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारा. माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत ह्या एका सवयीनं फरक पडलेला मी स्वतः बघितलाय.

प्रश्न : पुढच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट सारखा तुटतोय, जाड बोल्ट टाकू का?
– एक चालक, अक्कलकोट

उत्तर : नको, बोल्टचा दोष नाही दादा. पाटे एक्सलला धरून ठेवायचं काम यू-बोल्टचं, सेंटर बोल्ट फक्त त्यांना जागेवर ठेवतो. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा ताण त्याच्यावर येतो, तो तुटतो, आणि एक्सल सरकून गाडी तिरकी पळायला लागते. नवीन यू-बोल्ट टाका, आडवे-तिडवे आळीपाळीनं आवळा, आणि पहिली भरलेली खेप झाली की परत एकदा आवळा.