सकाळचा पहिला तास उत्तरलेखनाला दे

एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेसाठी सकाळी काय आणि कसं करायचं, असं विचारलंस. पहाटे ४ चा गजर लावलास, तिथेच चुकलं. रात्री १२ ला झोपणाऱ्याचा तो गजर आठवडाभरही टिकत नाही. सध्या ६ ला ऊठ, पण रोज.

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं लिहायची. त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम एकच: हाताने उत्तर लिहिणं. ते आधी कर.

- प्रश्न रात्रीच वहीत उतरवून ठेव. सकाळी शोधायला बसलास की अर्धा तास गेलाच.
- फोन दुसऱ्या खोलीत.
- वर्तमानपत्र नंतर. बहुतेक नवखे इथेच अडकतात. मीही वर्षभर अग्रलेख अधोरेखित करत बसलो आणि लिहायचं राहूनच गेलं.

दोन उत्तरं पुरेत. मोडकीतोडकी जमली तरी पूर्ण कर. वैकल्पिक विषय, टेस्ट सिरीज वगैरेंचं दोन महिन्यांनी बोलू.